ताडी आंबायची वेळ

लडक्या गुडघाभर पाण्यात उभा होता आणि अंगठा द्यायला तयार नव्हता.

फेब्रुवारीतली सकाळ, वरोली नदीचं पाणी गारठलेलं. काठावर पंचवीसेक माणसं होती, तलासरीकडच्या पाड्यांतून रविवारच्या प्रार्थनेला जमणारी. बाप्तिस्मा घेऊन झालेल्या तिघी बायका उन्हात केस सुकवत बसल्या होत्या. लडक्याचा नंबर शेवटचा. या ख्रिस्ती मंडळीतला वडीलधारा बाबल्या, ज्याचं अच्छाडला पंक्चरचं दुकान आहे, कागद आणि शाईचा पॅड घेऊन त्याच्यासमोर काठावर उकिडवा बसला होता. कागदावर तीनच ओळी होत्या. मी ताडी काढणार नाही, विकणार नाही, पिणार नाही.

लडक्या साठीचा. चाळीस वर्षं ताडावर चढून त्याच्या छातीला घट्टे पडलेत. आजही पहाटे मडकी उतरवूनच तो बाप्तिस्म्याला आला होता. त्याच्या हिमतीला दाद द्यायला हवी.

"पास्टर, एक विचारू?"

पास्टर सुनिल कमरेइतक्या पाण्यात त्याची वाट पाहत होता. तासाभरानं त्याचे दात वाजायला लागले होते. "विचारा ना, काका."

"पहाटं झाडावरून उतरवतो तवा ती नीरा असते. गोड. पोरांना पाजली तरी चालते. उन्हं वर आली का तीच आंबते, तिची ताडी होते. मी कायच करत नाय, मडक्याला हातसुद्धा लावत नाय. तं पाप किती वाजता होतं?"

काठावर हशा पिकला. बाबल्या तेवढा हसला नाही. सुनिल मनापासून हसला आणि मग विचारात पडला. बायबल कॉलेजात त्यानं तीन वर्षं काढली होती, पण हा प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता.

"मडक्याला आतून चुना लावला तर नाही ना आंबत?"

"चुन्यानं दुपारपर्यंत टिकते. पण एकदा आंबली का चुन्यानं परत गोड होत नाय. मी केलंय करून."

"बघा, गेल्या रविवारी मी हेच सांगत होतो!" सुनिल थंडी विसरला. "नियमशास्त्र म्हणजे तो चुना. नियम माणसाला आवरून धरतो, पण बिघडलेल्या माणसाला सुधारत नाही. म्हणून पापातून तारण होतं ते नियमानं नाही, विश्वासानं."

"तू सांगितलंस ते पटलं, म्हणून तं आलो," लडक्या म्हणाला. तो सगळ्यांनाच अरे-तुरे करतो, देवालासुद्धा. "मग हा बाबल्याचा कागद काय हाय? चुनाच ना?"

बाबल्याचा तोल गेला. "कागद मंडळीचा आहे! अंगठा नाय तर बाप्तिस्मा नाय. बाप्तिस्मा नाय तर जागा नाय."

जागा म्हणजे प्रार्थनाघरामागचा तुकडा, जिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुरतात. लडक्याची बायको सुकी पावसाळ्यापासून तिथे होती. तिच्या शेजारची जागा अजून मोकळी होती आणि आपण त्याच जागेसाठी आलोय, हे लडक्या कुणापासून लपवत नव्हता. सबंध संसारभर तो तिच्याशी भांडला. आता भांडायला घरात कुणी नाही म्हणून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"सुकीचा अंगठा घेतला होता का?" त्यानं विचारलं.

सुकीचा बाप्तिस्मा अंथरुणावरच झाला होता, तापात, तांब्यानं पाणी घालून. आदल्या संध्याकाळी तिनं लडक्याच्या हातून पेलाभर ताडी घेतली होती, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

"ती मरायला टेकली होती, काका," सुनिल म्हणाला.

"मग मी पण मरताना येऊ?"

या वेळी कुणी हसलं नाही. लडक्या चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "ती तशीच आत गेली आणि मना अंगठा. दोघांना दोन दारं असली तं आमची भेट कशी होयाची?"

सुनिलनं कागदाकडे पाहिलं, मग बाबल्याकडे. एवढ्या कारणावरून मंडळी फुटू शकते हे त्याला कळत होतं, आणि त्याला भीतीही वाटत होती.

"कागद ठेवून द्या, बाबल्यादादा."

"पास्टर, उद्या हा झाडावर दिसला तर लोक आपल्याला हसतील."

"हसू देत," सुनिल म्हणाला. त्यानं लडक्याचा हात धरला, त्याला खोल पाण्यात नेलं आणि प्रार्थना करून पाण्याखाली घातलं.

लडक्या खोकतच वर आला. डोळे पुसायच्या आधी त्यानं विचारलं, "सुकीच्या शेजारची जागा माझी?"

"तुमची."

"उद्या ताडी काढली तरी?"

सुनिल काठाकडे वळला नाही, पण काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तरी."

बायकांनी गाणं सुरू केलं. दोघांनी लडक्याला वर घ्यायला हात पुढे केले. तो मात्र पाण्यातच उभा राहिला, कपाळाला आठ्या घालून.

"काय झालं, काका?"

"लय वाईट केलंस तू, पास्टर," लडक्या म्हणाला. "शपथ घातली असतीस तं चार दिवसांत मोडली असती मी. न घेतलेली कशी मोडू?"