उजव्या कोपऱ्यातला गणपती

तळवड्यात बबनरावांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथला ड्रॉइंगचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात बजावायचा, 'हे सॉफ्टवेअर विनापरवाना आहे.' आणि आज नेमके चाकणच्या कंपनीतले धारूरकर साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी पास केलं, तरच पहिली मोठी ऑर्डर मिळणार होती.

"मालक, आता तरी परवाना घ्या की," ड्रॉइंग काढणारी विजयश्री म्हणाली.

"आधी ऑर्डर, मग परवाना," म्हणत बबनरावांनी कॅलेंडरवरचा गणपती कापला आणि स्क्रीनच्या त्याच कोपऱ्यात चिकटवून टाकला.

साहेब आले. ड्रॉइंग बघता बघता त्यांची नजर गणपतीवर गेली, ती तिथून हलेचना.

"इथं गणपती?"

"श्रद्धा आहे, साहेब."

साहेबांनी हात जोडले, तपासणीच्या कागदावर 'पास' लिहून सही केली आणि निघताना बबनरावांच्या कानाशी वाकले.



"जरा मोठा लावा, राव. आमच्या ऑफिसातला लहान पडलाय, अर्धी ओळ बाहेर दिसते."