चौकट वाजवून

दहाला दहा कमी असताना तिनं कीबोर्डवर एका बोटानं एकेक अक्षर हुडकत मुलाला लिहिलं, ‘दहा ते अकरा बाबांचं अंग पुसते. तेव्हा फोन करू नकोस.’ मोबाइलवरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसत, म्हणून मुलानं हा मोठा कॉम्प्युटर आणून पलंगाच्या पायथ्याशी मांडला होता. त्याच्याकडून लगेच अंगठा आला. अंगठा आला म्हणजे कळलं, हेही त्यानंच तिला शिकवलं होतं.

तिनं गरम पाण्याची बादली आणली आणि दाराला कडी घातली. घरात दोघंच होती, तरी घातली. मास्तरांना, तिच्या नवऱ्याला, तसंच लागायचं. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या पँटी शिवल्या. दुकानात कपडे घालून बघायला एक कोपरा होता, त्याला जाड पडदा. आत गिऱ्हाईक असलं की चौकट दोनदा वाजवायची आणि आतून खाकरल्याचा आवाज आल्याशिवाय पडद्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक. गळ्यात टेप घालून ते स्वतःसुद्धा बाहेर ताटकळत उभे राहायचे. गेल्या वर्षी झटक्यानं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. उरलं ते खाकरणं. लाज मात्र झटक्यानं नेली नव्हती. म्हणून ती एक पाय उघडा करायची, पुसायची, झाकायची, मग दुसरा.

कंबर पुसायला घेतली तेव्हा तिनं चादर पार बाजूला केली. चादर घसरून खाली पडली. तेवढ्यात कॉम्प्युटर एकदा वाजला आणि आपसूक उघडला.

ही करामतही मुलाचीच. एका दुपारी तिचा डोळा लागला आणि त्याचे अकरा फोन वाजून गेले. त्यानं शेजाऱ्याला सांगून दाराची कडी तोडायला लावली. पुढच्या खेपेला आला तो, त्याचा फोन वाजला की कॉम्प्युटरनं आपणच उचलायचा, अशी सोय करूनच गेला. आता तुला काही दाबायलाच नको, आई, म्हणाला. तेव्हापासून तो वाटेल तेव्हा समोर उगवायचा. खिडकी का उघडी, बाबांना स्वेटर का नाही, औषध झालं का. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान लांबून दिसतो तरी. हा न सांगता थेट पलंगाशी यायचा.

आज तो एकटा नव्हता. शेजारी एक टकले गृहस्थ होते आणि हातात कप घेतलेली एक बाई. तिनं दोघांना जन्मात पाहिलं नव्हतं.

“हे बघा, समोरच्यानं काही करावंच लागत नाही,” तो त्यांना सांगत होता. “तुमच्या आईवडिलांकडेही लावून देतो.”

मग त्यानं समोर पाहिलं.

बाईनं मान खाली घातली आणि कपात बघत राहिली. गृहस्थांना तेवढंही सुचलं नाही. पलंगावर मास्तरांचा डावा हात चादर शोधत होता. चादर पलंगावर नव्हतीच. हात गादीवर इकडेतिकडे फिरला आणि शेवटी त्यांनी पंजानंच स्वतःला झाकलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओलं फडकं हातात घेऊन ती कॉम्प्युटर आणि पलंग यांच्या मधे उभी राहिली.

“मी लिहिलं होतं तुला.”

हो, पाहिलं मी, गडबडीत राहून गेलं, असं तो म्हणाला. ही काही परकी माणसं नाहीत आणि काळजी वाटते म्हणूनच हे सगळं चाललंय, असंही म्हणाला. मग हळूच त्या गृहस्थांकडे वळून हसला. आईचा स्वभाव जरा तापट आहे, मनावर घेऊ नका.

“काळजी असली तरी चौकट वाजवून आत यायचं,” ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. “सात वर्षांचा होतास. आत गिऱ्हाईक असताना पडदा उचललास, म्हणून बाबांनी तुला थोबाडीत दिली होती. तेवढी एकच. इतकी वर्षं मला वाटायचं, ती एक जास्त झाली. आज कळलं, कमी पडली.”

त्याचं हसू मावळलं. “बाबा...” एवढंच तो म्हणाला.

तिनं बंद करायचं बटण शोधलं. सापडेना. फोन उघडायला काही दाबावं लागू नये याची त्यानं सगळी सोय केली होती, पण तो बंद कसा करायचा हे तिला कधी शिकवलंच नव्हतं. बंद नेहमी तोच करायचा. तिनं वाकून भिंतीतून वायर उपटली. काळ्या काचेत अजून पलंग दिसत होता, तेव्हा तिनं ती काचही भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग खालची चादर उचलली, झटकली आणि मास्तरांना गळ्यापर्यंत पांघरली.

फळीवरचा मोबाइल वाजायला लागला. तिनं हात पुसले, मोबाइल घेतला आणि काही न दाबता मास्तरांच्या समोर धरला.

“चौकट वाजवतोय,” ती म्हणाली. “खाकरता का?”

मास्तरांनी डाव्या मुठीत चादर धरली होती. ते मोबाइलकडे बघत राहिले. वाजणं थांबलं. पुन्हा सुरू झालं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

तिनं मोबाइल त्यांच्या उशाशी ठेवला. पाणी गार झालं होतं. बादली उचलून ती दुसरं पाणी तापवायला आत गेली आणि गॅसपाशी उभी राहून ऐकत राहिली. मोबाइल वाजत होता. खाकरल्याचा आवाज काही आला नाही.