कांद्याचा पापुद्रा

ताईच्या पत्राला कुलगुरूंनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘तुझ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा एकदा बघायचाय रे,’ एवढंच तिने लिहिलं होतं. धाकट्या भावाला, म्हणजे त्यांनाच, शिकवण्यासाठी तिने शाळा सोडली होती. शाळा सोडलेल्यांना तिथे प्रवेश नव्हता आणि बहिणीसाठी नियम वाकवायला ते बिचकले. आधी नियम बदलू, मग कळवू, असं म्हणत वर्षं गेली. नियम बदलला; गवंडी, शिंपिणी, आज्यासुद्धा संध्याकाळी भिंगाला डोळा लावू लागल्या. ताईला कळवायचं मात्र राहूनच गेलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाच्याला फोन केला. “ताईला घेऊन ये.” “आत्ता सवड झाली, मामा? आईची नजर गेलीय. तुम्हाला सांगू नको म्हणाली. तो मनाला लावून घेईल म्हणे.” त्यांनी रिकाम्या टेबलावर एक कागद घेतला. त्यावर लिहिलं, ‘ताई, तू ये. मी बघेन आणि तुला सांगेन.’ पाकीट त्यांनी स्वतः टपालपेटीत टाकलं.