दुसरी मूठ

चंद्रव्वा पुन्हा आधी हसली.

सोनालीनं वाक्य अजून पुरं केलं नव्हतं. बर्फाच्या कारखान्यातला जोतिराम प्रेयसीला भेट म्हणून बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून, चिंचोळी एमआयडीसीतून भर उन्हात मोटरसायकलवर निघाला होता, इतकंच सांगून झालं होतं. तिच्या दारात पोचेपर्यंत पोत्यात काहीच उरलं नाही, हे पुढं यायचं होतं. ते आलं तेव्हा बाकीच्या बायका हसल्या. चंद्रव्वा तोवर पदरानं डोळे पुसत होती.

"तिनं ते ओलं पोतं दाराला टांगलं," सोनाली पुढं म्हणाली. "त्या दुपारी त्या घरात पहिल्यांदा गार वारा आला."

पानं कापणाऱ्या कात्र्या थांबल्या.

"आता गं बया," केराबाई नाक ओढत म्हणाली. "आदी हसवती, मग रडवती. ह्यालाच म्हनायचं कादंबरी."

केराबाईच्या पुढच्या खोलीत बायका विड्या वळायच्या आणि एकीनं प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून दाखवायच्या. वाचणारीचे हात पुस्तकात अडकतात, म्हणून उठताना प्रत्येकीनं मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या, अशी इथली रीत. पूर्वी अजीजाआपा वाचायच्या. चष्म्याची काडी मोडली तेव्हा त्यांनी ती विडीच्याच हिरव्या दोऱ्यानं बांधली होती. शेवट आवडला नाही की पुस्तक मिटून स्वतःचा शेवट सांगायच्या. 'एकदा माझी अख्खी गोष्ट सांगते तुम्हाला,' म्हणायच्या. ते राहून गेलं. गेल्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

त्यांच्या खुर्चीवर आता केराबाईची भाची सोनाली बसायची. विड्या वळायला चंद्रव्वा आली ती आपा गेल्यानंतर, नवीनच. अक्कलकोटकडची, अबोल. सोनाली बसण्याआधी ती खुर्ची भिंतीपासून जरा पुढं ओढायची. भिंत तापते म्हणून असेल. आणि उठताना सुपात एक नाही, दोन मुठी टाकायची.

"चंद्रव्वा, वाचनारी येकच हाय की!" बायका चिडवायच्या. ती उत्तर द्यायची नाही.

सोनालीनं भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं. वाचनालयातल्या कादंबऱ्या संपल्या, तेव्हा एक दिवस तिनं जुनंच पुस्तक उघडं धरलं आणि मनानं सांगायला सुरुवात केली. कुणाला कळलं नाही. घरी लॅपटॉपसमोर तिला एक ओळ सुचत नसे. या खुर्चीत बसलं की जोतिराम आपोआप बोलायला लागायचा. ती सगळं फोनवर रेकॉर्ड करायची आणि घरी टाइप करायची.

पुण्याच्या प्रकाशकांना तिनं ते पाठवलं. परवा त्यांच्या संपादकबाईंचा फोन आला.

"इतकं हसवणारं आणि इतकं आतून आलेलं एकत्र सहसा मिळत नाही. शेवटचं प्रकरण पाठवा, लगेच छापायला घेऊ. हे सगळं तुमचं स्वतःचंच आहे ना?"

"माझंच."

पदवीनंतर पहिल्यांदाच काहीतरी पुरतं आपलं आहे, असं तिला वाटत होतं.

फक्त चंद्रव्वाचं हसणं टोचत होतं. विनोद कुणाला आधी माहीत असेल, तर तो आधीच कुठंतरी आहे. आपण नकळत कुणाचं तरी उचलतोय का? तिनं इंटरनेटवर शोधलं. काही सापडलं नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. प्रत्येक वेळी हसणं आधी, विनोद नंतर.

एकच शक्यता उरत होती. विनोद येण्याआधी आपलाच चेहरा बदलत असणार आणि चंद्रव्वा तो वाचत असणार. हे तपासणं सोपं होतं. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी तिनं पुस्तक उभं, अगदी तोंडासमोर धरलं. पानाखेरीज तिला काही दिसत नव्हतं, आणि तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

शेवट काय करायचा हे तिनं ठरवलं नव्हतं. तरी तो आला. कारखाना बंद पडला. जोतिराम गाव सोडून निघाला. होटगी स्टेशनावर ती त्याला पोचवायला आली. हातात ओलं पोतं.

"'ह्यात काय?' त्यानं विचारलं. 'लादी आणली होती,' ती म्हणाली..."

पुस्तकापलीकडून चंद्रव्वाचं हसणं आलं.

"'... गाडी लेट झाली.'"

आता बाकीच्या हसल्या. त्यांच्या हसण्यातच चंद्रव्वाचा हुंदका ऐकू आला. सोनालीनं शेवटचं वाक्य त्यानंतर सांगितलं. जोतिरामनं ते पोतं डब्याच्या खिडकीला टांगलं आणि सरकून शेजारी तिला जागा केली.

सोनालीनं पुस्तक खाली घेतलं. समोर चंद्रव्वा मान खाली घालून डोळे पुसत होती.

"चंद्रव्वा, ही गोष्ट तुम्ही आधी कुठं ऐकलीय?"

चंद्रव्वानं वर पाहिलंच नाही.

"तिला कुटं ऐकू येतंय?" केराबाई म्हणाली. "यंत्रमागावर जल्म गेला तिचा. कान कवाच गेले. त्या धडधडीत समद्या एकमेकींचे व्हट बगून बोलत्यात. तुजे व्हट बगूनच कळतं की तिला."

"पण आज तर माझं तोंड..." सोनाली थांबली.

बायका उठू लागल्या. मूठमूठ विड्या सुपात पडल्या. चंद्रव्वानं एक मूठ टाकली, दुसरी भरली. सोनालीनं तिचा हात धरला आणि स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवून सावकाश विचारलं, "ही दुसरी कशाला?"

चंद्रव्वानं सोनालीच्या खांद्यावरून मागं पाहिलं, ओळखीचं हसली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ही तिची. तुज्या मागं हुबी ऱ्हाती की, ती चष्म्याला हिरवा दोरा बांदलेली. मी तिचेच व्हट बगती. आदी ती सांगती, मग तू."