ऑर्गनच्या मागची जागा

चर्चमध्ये पहिलं गीत सुरू व्हायच्या आतच ऑर्गनला हवा पुरवणारी मोटार खरखरली आणि बंद पडली. पाळकसाहेबांनी वायरमनला निरोप धाडला. तो येईपर्यंत हवा नाही, आणि हवा नसली की एवढा मोठा ऑर्गन म्हणजे नुसतं कपाट.

मास्तर हात मांडीवर घेऊन बसून राहिले. वाजवण्याचा हा त्यांचा शेवटचा रविवार. बोटं आखडायला लागली, तेव्हा आता पुरे असं त्यांनीच पाळकसाहेबांना सांगितलं होतं. पण जाता जाता असं वाजवायचं की मंडळींनी नाव काढलं पाहिजे, हेही मनाशी पक्कं केलं होतं. मंडळीही त्यासाठीच दाटीवाटीने बसली होती.

ऑर्गनच्या मागे एक लाकडी खोपट होतं. मोटार बसवण्याआधी तिथे उभं राहून कुणीतरी दांड्याने भाता हलवायचं. गायकांतल्या एका आडदांड गड्याने बाह्या सरसावल्या आणि तो आत शिरला. मास्तरांनी सूर धरला. ऑर्गन आधी किंचाळला, मग हंबरला, मग त्याचा आवाजच बसला. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"नुसत्या ताकदीचं काम नाही ते," पुढच्या बाकावरून मास्तरांची बायको म्हणाली. "गाणं पाठ असावं लागतं. कुठे किती हवा लागणार, ते आधीच कळलं पाहिजे."

एवढं बोलून ती काठी टेकत उठली. ती जागा एके काळी तिचीच होती. लग्न झाल्यापासून खांदा निकामी होईपर्यंत तिचे सगळे रविवार त्या खोपटात गेले होते. मास्तरांना तिची कीव यायची. वाहवा सगळी आपल्याला, आणि ही बिचारी आत अंधारात दांडा ओढतेय. "तुझं आयुष्य त्या खोक्यात गेलं गं," असं ते कधीमधी म्हणत. ती हसून विषय बदलायची.

"अगं, तू कुठे निघालीस? खांद्याचं काय?"

"शेवटचा दिवस तुमचा. एवढं ओढून देते."

पाणी आणून देते म्हणावं तितक्या सहज ती बोलली. मास्तरांनी पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला. शेजारी सून बसली होती, गीतांची पानं उलटायला. तिला त्यांनी सगळं शिकवलं होतं, पण उपासनेला कधी वाजवू दिलं नव्हतं. अजून तयार नाहीस, हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

"सूनबाई, इकडे सरक."

"मी? आज? बाबा, लोक तुम्हाला ऐकायला आलेत."

"लोक देवाला भेटायला आलेत. सरक म्हणतो ना."

बोलायला बोलले, पण मनातून ते चरफडतच होते. बायकोला बाकावर बसवलं, कोट काढून तिच्या मांडीवर टाकला आणि खोपटाचं दार आतून ओढून घेतलं.

दांडा तिच्या हातांनी गुळगुळीत झालेला. समोर दोरीला शिशाचं वजन लोंबत होतं. भाता भरला की ते खाली यायचं, रिकामा होऊ लागला की वर सरकायचं. फळीवर दोन रेघा होत्या. वजन त्या रेघांच्या मधे राखायचं, बाकी काही नाही. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला खांदे भरून आले. शेवटच्या कडव्याला सूनबाईने सगळ्या खुंट्या ओढल्या, सगळ्या नळ्या एकदम मोकळ्या झाल्या आणि वजन सर्रकन वरच्या रेघेपलीकडे गेलं.

"अगं, जीव घेतेस का!" म्हणत मास्तरांनी दांड्यावर सगळं अंग टाकलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. ही खोड तिची नव्हती. शेवटच्या कडव्याला सगळं मोकळं सोडायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यासाठीच तर त्यांचं नाव होतं. आणि दर वेळी या फळ्यांच्या आड कुणीतरी असंच दांड्याला लोंबकळलं होतं. हवा एकदाही कमी पडली नव्हती.

वजन परत रेघेच्या आत आलं. सूर आता कानांनी ऐकू येत नव्हता. तो तळपायांतून वर येत होता, दांड्यातून, बरगड्यांतून. त्यात मंडळींचं गाणं मिसळून येत होतं, म्हाताऱ्यांचं, लेकरांचं, बेसुरांचंही. बाकावर बसून त्यांनी नेहमी स्वतःचंच वाजवणं ऐकलं होतं. इथे ते कुठेच नव्हते, आणि बाकी सगळं होतं. गीत होतं प्रभूने आपला प्राण ओतून जगाला जीव दिला त्याचं. ते त्यांनी जन्मभर वाजवलं होतं. आज ते गीत त्यांच्यातून जात होतं. इतका आनंद झाला की मास्तर घाबरले. डोळे वाहायला लागले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

गीत संपलं. दार किलकिलं झालं. काठी टेकून बायको उभी होती. तिने रुमाल पुढे केला.

"एवढी वर्षं कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझी जागा घेतली असतीत."

तेवढ्यात बाहेरून पाळकसाहेबांनी हाक दिली. वायरमन आला आहे, मास्तरांनी आता बाहेर यावं.

मास्तरांनी रुमाल दांड्याला गुंडाळला आणि वर मूठ आवळली.

"त्याला म्हणावं, बस जरा बाकावर. अजून गीतं व्हायची आहेत."