तेल न खाल्लेलं इंजिन

"तेलाचा थेंबही खाल्ला नाही गं!" तो दुरूनच म्हणाला. "मानलं तुझ्या इंजिनाला."

विमानाचं नाक शेडच्या दाराबाहेर काढून ठेवलं होतं. तिने तेल मोजायची डिपस्टिक पुसून पुन्हा आत घातली, बाहेर काढली, उजेडात धरली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. परवा तिने भरलं होतं, तसंच्या तसं.

खांद्यावर लेक पेंगत होती. कालच्या लशीने अंग कोमट, मूठ आईच्या कॉलरमध्ये.

"किती वेळ चालवलंस?"

"काल तुम्ही दोघी दवाखान्यात गेलात ते परत येईपर्यंत. अख्खी दुपार. पेट्रोल बघ ना किती उतरलंय."

पेट्रोल तिने आधीच बघितलं होतं. उतरलं होतं खरं.

तो वैमानिक. आजवर पिस्टनच्या इंजिनांवर उडलेला. तिथे तेल जितकं कमी जाईल तितकं इंजिन निरोगी. हे रोटरी. याच्या पोटात तिकोनी रोटर गरगरतो आणि त्याच्या टोकांच्या बारीक पट्ट्या कोरड्या पडू नयेत म्हणून एक छोटा पंप सतत थोडं तेल आत सोडत राहतो. ते पेट्रोलबरोबर जळून जातं. जायलाच हवं. पट्टी न् पट्टी तिने स्वतः बसवली होती, लेक झोपली की तेवढ्यात, हात धुऊन. दुपारभर चालूनही ते उपाशी राहिलं असेल, तर पंप मेलेला आहे. मग उद्या पहिल्या उड्डाणात ते हवेतच कोरडं होऊन बंद पडणार, आणि आत हा असणार.

किंवा ते चाललंच नव्हतं.

एक तर इंजिन खोटं बोलत होतं, नाही तर नवरा. नवराच बोलत असू दे, असं तिला मनापासून वाटलं आणि तसं वाटल्याचा रागही आला.

"आवाज कसा होता?"

"झकास. शिवणयंत्रासारखा."

"वेग कमी केल्यावर अडखळलं का?"

"नाही. म्हणजे, थोडं."

"थोडं की नाही?"

"अगं, चौकीत आणलंयस का मला?" तो हसला आणि पुढच्या पंख्याचं पातं फडक्याने पुसू लागला. पातं स्वच्छच होतं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. लेकीचं डोकं त्याच्याकडे केलं.

"हिच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

"काहीतरीच काय! शपथेवर चालतात का इंजिनं?"

"इंजिनं नाही चालत. तू सांग."

त्याने फडकं खिशात कोंबलं, हात उचलला. तो लेकीच्या जावळापाशी आला आणि तिथेच, वीतभर वर, थांबला.

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. इंजिन चाललंच नव्हतं, म्हणजे पंप मेलेला नसणार. लगेच दुसरं ओझं चढलं.

"मग होतास कुठे दुपारभर?"

"इथेच. आत बसून." हात अजून तसाच. "बटणावर बोट ठेवून. पेट्रोल कॅनमध्ये काढून ठेवलं, तुला कळू नये म्हणून."

"दाबलं का नाहीस?"

"चालू झालं असतं, तर उद्या उडावं लागलं असतं."

तिने इंजिनाकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या नखांकडे.

"माझ्या हातचं आहे म्हणून?"

त्याने हात मागे घेतला आणि फडकं पुन्हा बाहेर काढलं.

तिने लेकीची मूठ कॉलरमधून हळूच सोडवली आणि तिला त्याच्या कडेवर दिलं. चाकांखालचे ठोकळे पायाने दाबून पाहिले, विमान बांधलेला दोर ओढून पाहिला, पंखावर पाय देऊन आत जाऊन बसली.

"शेडच्या भिंतीआड जा," ती म्हणाली. "आणि हिचे कान झाक."

तो गेला. भिंतीच्या कडेशी वळून उभा राहिला. लेकीचा एक कान त्याने छातीशी धरला. मघाचा थांबलेला हात दुसऱ्या कानावर टेकला, तेव्हाच तिने बटण दाबलं.