ससुलीची तोंडी परीक्षा

"तिला एकटं सोडू नकोस. आणि तू लक्ष ठेवतेस, हे तिला कळता कामा नये."

समुपदेशक बाईंचं हे सांगणं थोरलीने नेमासारखं पाळलं होतं. भावंडांत ती मोठी, म्हणून कॉलेजच्या वसतिगृहातही सगळ्या तिला थोरलीच म्हणत. मागच्या सत्रात ऐन तोंडी परीक्षेला तिचं पोट दुखलं आणि ती दारातूनच परत फिरली. पुन्हा बसायची परवानगी मागायला गेली, तर बाईंनी ती लगेच मिळवून दिली, पोटाचं काही विचारलंच नाही.

"तुझ्या शेजारच्या खोलीत नवी मुलगी आली आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षेच्या नावाने हातपाय गळतात बिचारीचे. ही शेवटची संधी, हुकली तर वर्ष गेलं. सांभाळशील?"

थोरलीने होकार देऊन टाकला. मुलीचं 'ससुली' हे नावही तिनेच पाडलं.

ससुली एकटी जेवत नसे, म्हणून थोरली दोन्ही वेळा तिच्याबरोबर मेसमध्ये जाऊ लागली. ससुलीला चारचौघींत बसायचा धीर नव्हता, म्हणून थोरली तिला ओढत मैत्रिणींच्या घोळक्यात नेऊ लागली. हळूहळू घोळका थोरलीलाच हाका मारू लागला.

संध्याकाळी अभ्यास.

"पण हे असंच का? उलट का नाही?" ससुली विचारी.

"किती डोकं खातेस गं! तुझ्यापेक्षा परीक्षक परवडले."

"नाही ना शिरत डोक्यात. परत सांग. जरा मोठ्याने."

थोरली कपाळाला हात लावी आणि परत सांगे. मोठ्याने.

परीक्षेच्या दिवशी दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. एकमेकींत गुंतलेली बोटं गार पडली होती. थोरलीने ती खसाखसा चोळली.

"पोटात कसंतरी होतंय," ससुली पुटपुटली.

"होऊ दे. त्याला काय कळतंय! माझ्याबरोबर श्वास घे. हां, असा. आता सोड."

"तू आधी जा ना. तू हसत बाहेर आलीस की मला धीर येईल."

"बरं. पण पळालीस तर तंगडी मोडीन."

"नाही पळत गं बाई!"

थोरली आत गेली. परीक्षकांनी एकामागून एक प्रश्न टाकले. मधेच एकाने चष्मा वर सरकवून विचारलं, "असंच का? उलट का नाही?" थोरलीला हसूच फुटणार होतं. समोर ससुली बसली आहे असं समजून तिने घडाघडा सांगितलं. परीक्षक मान डोलावत राहिले.

ती बाहेर आली तेव्हा पाय जमिनीवर नव्हते.

"ऊठ! आत वाघ नाहीत, साधे चष्मेवाले काका आहेत. जा बिनधास्त!"

तेवढ्यात तिच्या मागोमाग परीक्षकही बाहेर पडले आणि शिपाई दाराला कुलूप लावू लागला.

"अहो काका, थांबा! हिची राहिलीय."

शिपायाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "हिची? ताई, आज एकच परीक्षा होती. तुमची."

थोरली गर्रकन वळली. ससुलीच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. ती फोन काढून शांतपणे जिन्याकडे निघाली होती.

"आलेच हं," ती म्हणाली. "तू बाहेर आलीस की आधी तुझ्या आईला कळवायचं, असं बाईंना कबूल केलंय मी."